मोहितेकाकांचे कान

आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत मोहितेकाकांकडे जायचं, तर पुरुषांनी शर्टाचं वरचं बटण जिना चढायच्या आधीच उघडून ठेवावं. वेळ वाचतो. दार उघडल्यावर हा माणूस "या" म्हणत नाही की "केम छो" म्हणत नाही. गळ्यातला स्टेथोस्कोप कानात घालतो आणि ओरडतो, "बटण!"

मग तो कुरिअरवाला असो की गॅसवाला. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी जिग्नेशभाई बिचारे मीटिंगचं सांगायला गेले होते. हात जोडून म्हणाले, "साहेब, मने कंई नथी!"

"ज्याला काही नसतं, त्याचीच जास्त भीती. श्वास धर," काका म्हणाले. जिग्नेशभाई त्या मीटिंगमध्ये छातीवर हात ठेवून बसले होते. पार्किंगचा वाद त्या दिवशी दहा मिनिटांत मिटला, तेवढा एक फायदा.

काकांचा जन्मभर मांडवीजवळ दवाखाना होता. तो बंद झाला, दवाखान्याचं बाकडं गेलं, पाटी गेली. स्टेथोस्कोप मात्र गळ्यातून उतरला नाही. कोणी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायचं नाव घेतलं की काकांचं ठरलेलं वाक्य: "कान असताना मशीन कशाला?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आमच्या घरी पोपट असता तर त्यानेही पाठ केलं असतं.

दर रविवारी सकाळी काका पार्किंगमध्ये हृदयाचा वर्ग घेत. विद्यार्थी आम्ही, म्हणजे कोपऱ्यात सापडलेले शेजारी. आणि फळा म्हणजे माझा नवरा नितीन, बनियन वर करून स्कूटरवर बसवलेला. नंतर सुधाकाकू सेवउसळ खायला घालायच्या, म्हणून हा लोचट माणूस दर रविवारी आपणहून फळा व्हायला जायचा.

"वैशाली, ऐक. लब म्हणजे आतली दारं मिटली. डप म्हणजे बाहेरची दारं मिटली. लब-डप, लब-डप. मधे फुसफुस आली, तर बिजागरीत काहीतरी आहे."

"आणि आवाज आलाच नाही तर?" मी विचारलं होतं.

"बाहेरचं दार गंजून ताठ झालं की आपटत नाही, म्हणून वाजत नाही. वाजणाऱ्या दारापेक्षा न वाजणाऱ्या दाराला भ्यावं."

हे सगळं ऐकायला छान होतं. पण मधल्या काळात एक गोष्ट अख्ख्या सोसायटीला कळली होती आणि फक्त काकांना कळली नव्हती. काकांचे कान गेले होते! त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या आम्ही खाली आमच्या स्वयंपाकघरात ऐकायचो. मुलाने परदेशातून कानाचं यंत्र पाठवलं, ते काकांनी देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये कापूर आणि वातींबरोबर ठेवून दिलं. "बहिऱ्यांना द्या," म्हणाले. म्हणालेही एवढ्या मोठ्याने, की रस्त्यावरचा भाजीवाला थांबला.

इथवर हसण्यासारखं होतं. पण गेल्या दिवाळीपासून सुधाकाकूंना जिना चढताना दम लागायला लागला. मधल्या पायरीवर बसायच्या, पिशवी मांडीवर घेऊन, आणि मला बघून म्हणायच्या, "काही नाही गं, जरा गप्पा मारायला बसलेय." कोणाशी गप्पा? भिंतीशी?

मी काकांना तोंडावर सांगितलं, काकूंचा एको करून घ्या. "मी रोज दुपारी ऐकतो तिला. कान असताना—" मी पुढचं ऐकलंच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण बहिरे झालो हे कबूल करायला नको, म्हणून बायकोचा जीव टांगणीला लावायचा? शिकलेला माणूस ना हा? मी नितीनला बजावलं, यापुढे त्या घरची सेवउसळ बंद.

एका दुपारी काका स्वतः खाली आले. "बटण" नाही, काही नाही. नितीन जेवत होता, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वैशाली, जरा वर ये," म्हणाले, आणि चक्क हळू आवाजात.

काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. काकांनी स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला आणि काकूंच्या गळ्याखाली उजवीकडे बोट ठेवलं. "इथे. डप ऐक."

मी ऐकलं. लब आला. मग लाकडावर कानस घासावी तशी लांबलचक खरखर. मग परत लब. मी जागा बदलली, श्वास धरला, डोळे मिटले.

"आला ना डप?" काका म्हणाले. "मला येत नाही ऐकू. माझे कान गेलेत. तुम्ही सगळे म्हणताच ना? बरोबर आहे तुमचं. आता घालतो ते यंत्र."

वर्षभर हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी तडफडत होते. आता ऐकलं, आणि मलाच ते खोडून काढावं लागलं.

"मलाही नाही आला, काका."

"तुला सर्दी-बिर्दी झालीय का? दडे बसले असतील."

"नाही हो काका."

त्यांनी स्टेथोस्कोप परत घेतला, स्वतःच्या शर्टाचं बटण उघडलं आणि स्वतःच्या छातीला लावून कितीतरी वेळ ऐकत उभे राहिले. "माझा येतो," म्हणाले. "रोज येतो." आणि खुर्चीत बसले ते उठेचनात.

काकूच बोलल्या. "रोज दुपारी छातीशी कान लावून बसायचे गं. मी वेडी, मला वाटायचं, म्हातारपणी माया आलीय."

काका उठले. काकूंच्या खांद्यावरची शाल त्यांनी नीट केली, पायाशी वाकून चपला सरळ करून ठेवल्या.

"नितीनला म्हणावं, जेवण झालं की गाडी काढ," ते म्हणाले. "हिला मशीनवर न्यायचंय."