साळवे सर आणि शेवटचा पाहुणा

आमच्या मंठा गावात कुठल्याही कार्यक्रमाला साळवे सर पहिल्या रांगेत येऊन बसले, की सूत्रसंचालक हातातला कागद पुन्हा वाचायला लागतो. सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक आणि माझे शेजारी. त्यांचं वैर जगात एकाच वाक्याशी: 'लास्ट बट नॉट लिस्ट'.

"लिस्ट म्हंजे यादी! लीस्ट म्हणा, लीस्ट!" सर जागेवरूनच ओरडतात.

उच्चार जमला तरी सुटका न्हाई. एका सत्कारात निवेदकानं लागोपाठ तिघांना 'लास्ट बट नॉट द लीस्ट' म्हणत मंचावर बोलावलं. सर उठून उभे.

"अवो, लास्ट एकच असतो! शेवटी आला तरी मानानं कमी न्हाई, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही तर शेवटाची रांगच लावून राह्यले!"

तिसरे होते खुद्द अध्यक्ष. त्यांना बसावं की उभं राहावं, तेच कळेना.

"बराबर बोला, न्हाईतर मराठीत बोला," हा सरांचा मंत्र. सर दिसले की आमचा भाजीवाला 'गुड मॉर्निंग' गिळून सरळ 'जयभीम' घालतो.

गेल्या वर्षी काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. सरांचं कार्यक्रमांना जाणं थांबलं. रोज सकाळी भिंतीपलीकडून त्यांचा एकट्याचाच आवाज यायचा, "म्हण, पाणी. म्हण, मीठ." हळूहळू दुसराही आवाज यायला लागला.

परवा त्यांनी मला जेवायला बोलावलं. काकू स्वतः वाढत होत्या. टोपल्यातली शेवटची भाकरी माझ्या ताटात टाकून त्यांनी सरांकडे तिरक्या नजरेनं पाहिलं.

"लास्ट... बट नॉट... लिस्ट."

माझा घास हातातच राहिला. सर म्हणाले, "बिलकुल बराबर!"

"सर, लिस्ट म्हणाल्या त्या," मी हळूच म्हणालो.

"म्हणू दे रे. वर्षानं चिडवलं तिनं मला."

एवढ्यात काकूंना काही सांगायचं आठवलं. "शेळीनं... तुमची..." पुढचा शब्द सापडेना. त्या हातानं हवेत चाचपडत राहिल्या. मला शब्द सुचवावासा वाटला, पण सरांनी डोळ्यांनीच दटावलं. जगभराची वाक्यं दुरुस्त करणारा हा माणूस तोंड मिटून बसला होता. भाजी निवत होती.

"...प्यांट!" काकू म्हणाल्या.

शेजारच्या शेळीनं दोरीवरची सरांची नवी पँट चघळली होती. सर हसता हसता डोळे पुसत होते.