तालुक्यातली चार लेकरं

चौथा फोन आला तेव्हा अर्शियाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. मूत्राशय पोटाबाहेर उघडं घेऊन जन्मलेलं आणखी एक लेकरू सापडलं होतं, आणि तेही औशाच्याच पट्ट्यात. असं लेकरू तीस-चाळीस हजार बाळंतपणांत एखादं. इथं एका तालुक्यात चार निघाली. अर्शिया नांदेडच्या मेडिकल कॉलेजात एमडी करत होती, आणि असे जन्मदोष कुठं नि किती होतात हाच तिचा विषय होता. पण त्याआधी ती लातूरच्या क्लासमध्ये घडलेली. तिथं शिकवलं होतं की उत्तर सापडलं की गोल काळा करायचा आणि पुढं पळायचं, मागं वळून बघायचं नाही. ती पळत सरांकडं गेली.

विभागप्रमुख आप्पासाहेब म्हणजे अतिशय गंभीर माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि खोल आवाजात सांगितलं की हे आपोआप होत नसतं, पाणी तपासा.

झालं. त्या पट्ट्यातल्या एका गावातला नवा बोअर नमुन्यांसाठी बंद झाला. बायका घागरी घेऊन शेजारच्या गावच्या विहिरीवर गेल्या, तिथं भांडण लागलं. भांडण बघायला वार्ताहर आला. त्याला कुणीतरी सांगितलं की त्र्याण्णवच्या भूकंपापासून जमिनीतून काहीतरी वर येतंय, आणि त्यानं चार लेकरांच्या बातमीत तेच छापलं. ते वाचून एका ठरलेल्या सोयरिकीत मुलाकडच्यांनी विचारलं, पोरगी कुठलं पाणी पिऊन वाढली? सोयरीक मोडली. आप्पासाहेब हे सगळं मान डोलवत ऐकत होते.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. असं मूत्राशय आत बसवायची शस्त्रक्रिया करणारं आपल्याकडं कुणी नव्हतं, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी आधी कळवलं होतं की एका लेकरासाठी सगळं पथक हलवता येत नाही. चार म्हटल्यावर ते नांदेडला यायला तयार झाले. जेवढा उशीर तेवढं अवघड, हे अर्शियाला माहीत होतं. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीच्या दिवशी चारही लेकरं आणायला ती स्वतःच जीप घेऊन निघाली.

पहिल्या गावात तुळजाबाई नातवाला मांडीवर घेऊन ओट्यावर तयारच बसलेल्या. शेजारी त्यांची सून शिल्पा, खाली मान घालून. या गावची नोंद करणाऱ्या इंटर्न पोरानं लेकराचं नाव मन्मथ सांगितलं होतं. दोघी लेकरासकट जीपमध्ये बसल्या. आता यादीतल्या दुसऱ्या लेकराच्या, सत्यमच्या गावाला जायचं होतं. फाट्यावर ड्रायव्हर अडखळला, तर मागून तुळजाबाईच म्हणाल्या, "डाव्या हातानं घ्या. मारुतीच्या देवळाम्होरलं घर."

अर्शियाला बरं वाटलं, म्हातारीला मुलूख ठाऊक आहे. पण सत्यमच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली की बाळाचं आजोळ आहे हे, बाळ तर बापाच्या गावी, दुसऱ्या आज्जीकडं गेलं. मग तिसऱ्याच्या, गुंडप्पाच्या गावाला. रस्ता परत तुळजाबाईंनीच दाखवला. जीप थांबताच घरातून एक बाई हात पुसत आली, तिनं थेट शिल्पाच्या मांडीवरचं लेकरू उचललं आणि त्याचा मुका घेतला. "आला का माझा गुंडप्पा?"

अर्शियानं हातातली यादी परत उघडली.

"आज्जी," ती हळूच म्हणाली, "हे लेकरू नक्की कुणाचं?"

"शिल्पाचं. ही तिची मावशी हाय."

"मग मन्मथ कोण? सत्यम कोण?"

"ह्योच की. बरं झाल्याबिगर बारसं करायचं न्हाई म्हणलं, तर नाव कुठनं ठरावं? ज्याला जे आवडतं ते म्हणतो."

यादीत चौथ्या गावापुढं लिहिलेलं नुसतंच 'बाळ' कोण, हे अर्शियानं विचारलंच नाही.

"पण चार ठिकाणी का दाखवलं, आज्जी?"

तुळजाबाईंनी पदर सारखा केला. "भूकंपात घर पडलं तवा मी लेकीकडं गेल्ते. मोजणारे आले, घरी माणूस न्हाई म्हणून म्होरं गेले. माझं घर पडलेल्यात धरलंच न्हाई. लई दिस पत्र्याच्या शेडात काढले, बाई. तवापास्नं मोजणारा दिसला की म्या म्होरं होते. एकानं इसरलं तर दुसऱ्याच्या ध्यानात ऱ्हावं."

अर्शिया जीपच्या फुटबोर्डावर बसली. मुंबईचे डॉक्टर चारांसाठी येणार होते. गप्प राहिलं तर ते येतील आणि आल्यावर भडकतील. सांगितलं तर येणारच नाहीत. तेवढ्यात दिवसभरात पहिल्यांदा शिल्पा बोलली.

"म्याडम, एकासाठी येत न्हाईत का ते?"

अर्शियानं सरांना फोन लावला आणि सगळं खरं सांगून टाकलं. मग सरांनी विचारलं, "पाण्याचं काय?"

"पाणी स्वच्छ आहे, सर."

"मी मुंबईला कळवतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

परतीच्या रस्त्यात लेकरू रडत होतं; त्याला कळवायची भाषा ती एकच. नांदेडला जीपमधनं उतरून तिघी विभागाच्या व्हरांड्यात आल्या, तर पाय ठेवायला जागा नव्हती. बातमी वाचून माणसं आली होती. किनवटकडून एक बाप, पोरगं टॉवेलात गुंडाळून. माहूरची एक बाई. अहमदपूरहून शहजादी, तिच्यासोबत लातूरला क्लास करणारी तिची लेक मनतशा. होस्टेलवर कॉट मिळाली तरी तिथं न राहणारी, रोज एसटीनं ये-जा करणारी आणि वास येईल म्हणून वर्गात दाराजवळच बसणारी. ती अर्शियाच्या कानात विचारत होती, मोठ्यांचं पण ऑपरेशन करतात का? किनवटच्या पोराचा टॉवेल बघून शिल्पा त्याच्या बापाजवळ सरकली, आणि ओलं कमी लागावं म्हणून आपण आत काय घालतो ते त्याला सांगायला लागली.

आप्पासाहेबांना खुर्ची उरली नव्हती. ते भिंतीला टेकून उभे होते.

"इतकी वर्षं कुठं होतात तुम्ही सगळे?" त्यांनी विचारलं.

"घरीच होतो, साब," शहजादी म्हणाली. "चार जणांचं वाचलं तवा वाटलं, आपुन एकले न्हाई."

आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. मुंबईला फोन त्यांना दुपारपासून करवलाच नव्हता. तो त्यांनी आत्ता लावला. आधी दिलेला आकडा चुकीचा होता, असं त्यांनी विभागप्रमुखाला शोभेल अशा आवाजात सांगितलं. तुळजाबाईंनी नातवाला छातीशी धरलं.

"नाही, नाही," आप्पासाहेब फोनमध्ये म्हणाले. "कमी नाहीत. मुक्कामाच्या तयारीनं या."