विंगेतली राजमाता

शोकांतिकेतली राजमाता माझ्यासारखी कोणालाच जमणार नाही, असे मी बत्तीस वर्षे विंगेत बसून म्हणत आले! आमच्या हौशी मंडळाची मी प्रॉम्प्टर. नट अडखळला की वाक्याचे पहिले दोन शब्द कुजबुजायचे, पुढचे त्याला आठवते. यंदा राजमाता करणाऱ्या बाई जिन्यावरून पडल्या आणि बहात्तराव्या वर्षी माझे नशीब उघडले. प्रयोग एकच!

पण पाठ करायला बसले आणि घोळ लक्षात आला. मला प्रत्येक वाक्याचे पहिले दोनच शब्द येत होते! पुढे सगळे जुने, जड शब्द, अडगळीतल्या पितळी भांड्यांसारखे. शब्दकोश काढला.

"अहो, कृतांत म्हणजे यम. विदीर्ण म्हणजे फाटलेलं."

"मग माझ्या विदीर्ण बनियनला टाके घाल," हे म्हणाले.

महिनाभर घोकले. भाजीवाल्यालाही म्हणाले, "किती म्लान ही पालेभाजी!"

"नाही हो आजी, ताजी आहे!"

प्रयोगाला सभागृह भरलेले. राजपुत्र मरून पडलेला. हा पोस्टातला पंचेचाळिशीचा कारकून. आम्ही त्याला विसरोबा म्हणतो. माझ्या कुजबुजीवरच जगलेला नट! तालमीत माझ्या हातात वही असायची, आज हात रिकामे. कसेबसे गुडघे टेकून मी म्हणाले, "हे कुलदीपका..."

आणि थांबले. दोन शब्द झाले की माझे काम संपते ना!

पुढे कोणीच बोलेना. नट विसरला वाटते, म्हणून जरा जोरात कुजबुजले, "हे कुलदीपका!"

प्रेताने एक डोळा उघडला. "माझं वाक्य आहे?"

मी मान डोलावली. देवा, का डोलावली!

विसरोबा उठून बसला. महिनाभर शेजारी पडून ऐकलेला माझा विलाप त्याने खणखणीत म्हटला. "हे कुलदीपका, निर्दय कृतांताने हे मातृहृदय विदीर्ण केले रे!" एकही शब्द चुकला नाही! मग शहाण्यासारखा पुन्हा मेला. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले, पण न हसता.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक घरी आले.

"बाई, लोक पुन्हा प्रयोग मागतायत!"

"मग माझी राजमाता?"

"विसरोबा करतो म्हणतोय. पाठ आहे त्याला. मरायला काय, कोणीही मिळेल. तुम्ही आपल्या विंगेत..."

मी वही पुन्हा हातात घेतली. आता मला सगळे शब्द येतात हो, अर्थासकट! सांगायचे मात्र पहिले दोनच.