तळ्याकाठी मोठ्याने

"आधी ह्यांना लावा. चक्कर यायचीच असेल तर ह्यांना येऊ दे," गणिताच्या बाई म्हणाल्या.

तीन आठवड्यांपासून त्या वॉर्डातच होत्या, केमोची चौथी खेप चालू होती. उजव्या हाताला सलाइन, डाव्या हाताला नवरा आणि समोर वॉर्डातल्या समुपदेशक बाई, एक जाडजूड काळा चष्मा घेऊन. चष्म्यात तळं आहे, डोंगर आहे, पाखरं आहेत. थोडा वेळ बघितलं की मनावरचा ताण हलका होतो, असं त्यांनी समजावलं होतं.

नवरा पंप मेकॅनिक. चाळीस वर्षं मोटारींच्या घरघराटात गेल्यामुळे बोलणं बेताचं, आणि बायकोचं दुखणं निघाल्यापासून तर जवळजवळ बंदच. त्याने मुकाट्याने चष्मा चढवला. कानांवर गुबगुबीत हेडफोन बसले.

"पाणी स्वच्छ आहे!" तो ओरडला. सहा खाटांच्या वॉर्डाने माना वळवल्या.

"काका, हळू बोला," समुपदेशक बाई म्हणाल्या. पण त्याला ना त्यांचा आवाज ऐकू येत होता, ना स्वतःचा. वॉर्ड दिसत नव्हता, बायको दिसत नव्हती. समोर फक्त तळं.

"कुंड्यांतली झाडं गेली सगळी," त्याने तळ्याला सांगितलं. "जन्मभर पंप दुरुस्त केले, पण पाणी किती घालायचं ते कळलं नाही. तिला सांगितलंय, फुलं आलीत."

शेजारच्या खाटेवरचे पोस्टमास्तर खुदकन हसले.

"कुकर जळाला. तीन आठवडे नुसत्या पावावर आहे. तिची निळी शाल मशीनमध्ये घातली, ती आता बाहुलीला होईल."

वॉर्डभर खसखस पिकली. समुपदेशक बाई चष्मा काढायला पुढे झाल्या, तर गणिताच्या बाईंनीच त्यांचं मनगट धरलं. "राहू द्या. तीन महिन्यांत एवढं बोलले नाहीत ते."

"डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडत नाही," तो त्याच आवाजात म्हणाला. "फार तर सहा महिने. मी तिला सांगितलं, गाठ कमी होतेय. एवढी हुशार बाई, पण विश्वास ठेवला माझ्यावर."

हसू जिथल्या तिथे थिजलं. मनगटावरची बाईंची पकड सुटली नाही. उलट घट्ट झाली.

थोड्या वेळाने त्याने चष्मा काढला, डोळे पुसले. सगळा वॉर्ड छताकडे बघत होता.

"छान आहे गं," तो हळूच म्हणाला. "चक्कर नाही येत."

"मोठ्याने बोलत होतात तुम्ही."

त्याचा चेहरा उतरला. "कुठवर ऐकलंस?"

"सहा महिन्यांपर्यंत."

तो उठला, पुन्हा बसला. मग सलाइनची नळी चाचपू लागला, कुठे गळतेय का ते बघायला. बाईंनी त्याचा हात धरून खाली घेतला.

"ते सिस्टर बघतील. घरी गेल्यावर मला रिपोर्ट दाखवायचे. सगळे. आणि असे लांब का बसलात? जवळ या."

तो जवळ सरकला आणि हमसून हमसून रडला. बाई रडल्या नाहीत. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"आता तुम्ही लावता?" समुपदेशक बाईंनी चाचरत विचारलं.

"नको. आम्हाला जरा बोलायचंय."

त्या चष्मा घेऊन पुढच्या खाटेकडे वळल्या. पोस्टमास्तरांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

"चार वाजता मुलगा येईल, त्याला लावा," ते म्हणाले. "हल्ली फारच हसून बोलतो माझ्याशी."