सुखात कोणीही, दुःखात नानाच

आमच्या गावात कुणी गेलं की तिकडे दहाव्याची तयारी सुरू होते आणि इकडे बाळनानांचं जॅकेट इस्त्रीला जातं. पिस्ता रंगाचं. दहाव्याला पिस्ता रंग! मी त्यांना तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "पुढारी समदे पांढऱ्यात येत्यात. मी बी पांढरं घातलं तर मला वळखनार कोन?"

पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला आमचं गाव. ज्यांना आमच्याकडचा दहावा ठाऊक नाही त्यांनी समजून घ्यावं, इथं पिंड बाजूला राहतो आणि माईक पुढे येतो. आधी महाराजांचं प्रवचन. मग निवेदक नावं पुकारतो आणि आजी, माजी, भावी असे सगळे पुढारी ओळीनं श्रद्धांजली वाहायला उठतात. गेलेल्या माणसाबद्दल एक वाक्य, उरलेलं भाषण कालव्याच्या आवर्तनावर आणि कारखान्याच्या निवडणुकीवर. मुंडण केलेला मुलगा उन्हात तापतोय, कावळे आवाजाला भिऊन पलीकडच्या काठाला गेलेत, आणि 'दोनच शब्द बोलतो' म्हणणारा माईक सोडत नाही.

याविरुद्ध आम्ही पोरांनी पत्रक काढलं: 'दुःखाचा बाजार बंद करा!' लिहिणारा मी. नाव न घेता त्यात सर्वांत जास्त ओळी मी बाळनानांवर खर्च केल्या होत्या, आणि नाना माझे सख्खे शेजारी. त्यांनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"अक्षर ठळक पायजे हुतं," म्हणाले. "आन् खाली तुजा फोटूच न्हाई. मंग लोकांनी लक्षात ठिवायचं कुनाला?"

अशा माणसाशी लढायचं कसं?

हा फोटोचा नाद त्यांना नगरला लागला. काकू, म्हणजे त्यांची बायको, गेल्यानंतर पेन्शनच्या कामाला ते तिकडे गेले होते. कारखान्याच्या टाईम ऑफिसात जन्म काढलेला माणूस. साहेब जेवायला गेलेत म्हटल्यावर वेळ काढायला शेजारच्या हॉलमध्ये शिरले. तिथं चहा मिळत होता आणि 'स्वतःचा ब्रँड घडवा' नावाचं शिबिर चालू होतं. सुटातला एक माणूस सांगत होता की तुमचं नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट यायला हवी. आणि जिथं गर्दी नाही तिथं दुकान मांडा. नानांनी गावाकडच्या एसटीत बसून हिशेब केला. "लग्नात सत्काराला रांग. वाढदिवसाला फ्लेक्सवर जागा न्हाई. दहाव्याला मातर मनापासून बोलनारा येक बी न्हाई. मार्केट मोकळं हाय!"

आता सुटातल्या माणसाला कळवायला हरकत नाही की काम फत्ते झालं. नानांचं नाव घेतलं की आमच्या गावाच्या डोळ्यांपुढे खरंच एकच गोष्ट येते: मयत.

त्यांनी कार्डं छापून घेतली. हनुवटीला हात लावलेला फोटो, आणि खाली ओळ, 'सुखात कोणीही, दुःखात नानाच'. ही कार्डं ते घाटावर परगावच्या पाहुण्यांना वाटतात. "त्यांच्या बी घरात म्हातारी मानसं असतील की," हे त्यांचं स्पष्टीकरण. बरं, स्टेटसला ठेवायचा फोटो काढायला माणूस लागतो, आणि तो मी! म्हणजे दुःखाचा बाजार बंद करायला मी घाटावर जायचं आणि तिथंच या बाजाराचा फोटोग्राफर व्हायचं. "जरा खालून घे. खालून दुख भरल्यालं दिसतं." फोटो बघून परत, "ह्यात हासल्यावानी दिसतोय. पुन्यांदा."

भाषणाची सुरुवात ठरलेली. डोळे मिटून, माईकला ओठ लावून: "मी बोलणार नव्हतो, पण मयतानं मला गप्प बसू दिलं नाही."

आमचं म्हणणं, मयतानं जरा प्रयत्न करायला हवा होता.

त्यांची आगाऊ तयारी तर भयंकर. आमच्या गल्लीतले तात्या दवाखान्यातून घरी आले, तर नाना नारळपाणी घेऊन हजर. मीही तिथं होतो. नानांनी पांघरूण नीट केलं, पाय दाबले आणि गोड आवाजात विचारलं, "तात्या, ल्हानपनी तुमी पवायला कुठं जायचा वो?"

तात्यांनी एक डोळा उघडला. "का रं?"

"न्हाई, आपलं सहज. आन् तालमीत कुस्ती खेळल्याले हायेत ना तुमी?"

"बाळ्या," तात्या उशीला रेटून उठून बसले, "मी अजून मेलो न्हाई! नारळ ठिव आन् नीघ!"

डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे झालं नव्हतं ते झालं. तात्या दुसऱ्या दिवसापासून पारावर येऊन बसायला लागले. आजही बसतात, आणि नाना दिसले की मुद्दाम छाती पुढे काढतात.

काकू होत्या तोवर नानांचा आवाज आमच्या भिंतीपलीकडून कधी आलाच नाही. यायचा तो काकूंचा. भाजीवाल्याशी, मांजराशी, आणि "ऐकताय ना?" असं मधूनमधून नानांशी. नाना ऐकायचे. आम्हाला वाटायचं, या माणसाला बोलताच येत नसावं.

शेवटी आमचा विषय ग्रामसभेत आला: दहाव्याला भाषणं बंद. मी पत्रक खड्या आवाजात वाचून दाखवलं. भराभर हात वर झाले. मग सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या, कारण या ठरावानं पुढाऱ्यांचं फारसं बिघडणार नव्हतं. त्यांना माईक कुठेही मिळतो. नानांना एवढाच होता.

"नाना, तुमचं काय म्हणणं?" सरपंचबाईंनी विचारलं. "दोन मिनिटं हं!"

पोरं हसली. नाना उठले.

"ठराव चांगला हाय," म्हणाले. "फकस्त येक इचारायचं हुतं. नाव तरी घेनार का?"

"कुणाचं नाव?"

"गेलेल्या मानसाचं."

नाना जॅकेटचं बटण चाचपत राहिले.

"आमच्या हिच्या दहाव्याला लई मोठी मानसं बोलली. नानांच्या पत्नी, नानांच्या सौभाग्यवती, माउली. समद्यांनी माजंच नाव घेतलं. मी म्होरं बसल्यालो. मनात म्हनतोय, आता घेतील, आता घेतील. मला उठून सांगायला बी जमलं न्हाई. सवय नव्हती बोलायची. तेवढ्यात कावळा शिवला, आन् मानसं उठलीच. तवापासनं जातो मी. बाईमानूस गेलं आसंल तर तिचं नाव येकदा माइकवर घेतो. माहेरच्या नावासकट. बाकी मंग बोलत बसतो, ते आपलं ब्रँडसाठी."

ठराव बरोबर होता. मी आजही तेच म्हणेन. पण त्या वेळी माझ्या हातातलं पत्रक मला कुठे ठेवावं कळेना. काकू गेल्या तेव्हा मी नगरला कॉलेजात होतो, हे ठीक. त्याआधी इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि मला त्या फक्त काकू.

सरपंचबाईंनी ग्रामसेवकांना सांगितलं, "लिहा. भाषण नाही, पण घरच्यांपैकी एकानं उभं राहून गेलेल्याचं पूर्ण नाव घ्यायचं."

नाना खाली बसत होते. एवढ्यात तात्या खेकसले, "आरं बसतो काय बाळ्या! आता सांग की. काय नाव हुतं तुज्या बायकूचं?"

नाना अर्धवट वाकलेले तसेच थांबले. मग नीट उभे राहिले.

"इंदुमती," म्हणाले.

मागच्या ओळींना ऐकू गेलं नाही. "नाना, मोठ्यानं!" बायकांमधून कुणीतरी ओरडलं.

नानांनी घसा साफ केला आणि पुन्हा सांगितलं. या वेळी पूर्ण, माहेरच्या नावासकट, पारापलीकडे ऐकू जाईल असं.