कुशाबाच्या डोक्यावरची तालीम

त्या शनिवारी आपल्याला काय काय मिळण्यासारखं आहे, याची मालनने मनाशी नीट मोजदाद केली होती. गिरगावातल्या नृत्यनाट्य मंडळीत जागा, हिवाळ्यात दिल्लीचा दौरा, आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे कल्याणच्या त्या गोदाम-कारकुनापासून सुटका. वडिलांशी, म्हणजे नानांशी, तिचा करारच झाला होता. निवड झाली तर नाच. नाही झाली तर घुंगरू माळ्यावर आणि मालन कल्याणला. कारकून माणूस वाईट नव्हता. मुलगी बघायला आला तेव्हा त्याने पोह्यांतले शेंगदाणे वेचून बशीच्या कडेला ओळीने मांडले होते, इतकंच. अकरा होते. ती ओळ मालनच्या स्वप्नात येई.

मिळकत मोठी होती. किंमत काय पडेल, हे मात्र तिने मोजलं नव्हतं.

भोईवाड्यातल्या चाळीत मालनचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर, आणि बरोबर तिच्या खाली कुशाबा. मध्ये नुसत्या लाकडी फळ्या. कुशाबा कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, रातपाळी करी आणि दिवसा झोपे. शेकडो साच्यांच्या खडखडाटात उभ्या उभ्या डुलकी काढणारा हा गडी घरी मात्र एका घुंगराने जागा होई. उशाशी बांबू असे. वर छुम् झालं की खालून ठक्!

"ए पोरी! मुंबई मिळंल तवा मिळंल, आदी माजी झोप मिळू दे!"

"चुकलं, काका!" मालन फळ्यांकडे बघून म्हणे.

तिने घुंगरांना जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या. तरी टाच वाजे. मग ती टाच अलगद टेकवायला शिकली, मग चवडा, मग पाण्यातून पाऊल उचलावं तशी पाऊल उचलायला शिकली. तीन वर्षं झाली. दुपारी खिडकीतून ऊन फळ्यांवर उतरे आणि त्या उन्हात मालन सावलीसारखी फिरत राही. खालून येणारं घोरणं हीच तिची लय. दादरच्या क्लासात वीस मुली एकदम पाय आपटत, तेव्हा त्या दणदणाटात एका जोडीचा वाटा शून्य आहे हे बाईंनाही कळलं नाही. हरताळ पडला, गिरणी बंद राहिली, की कुशाबा दिवसा जागा असे. त्या दिवशी तिला खुशाल नाचता आलं असतं; पण तेव्हा ती स्वतःच साऱ्या चाळीबरोबर मोर्चात घोषणा देत असे.

शनिवारी ती ट्राममधून गिरगावात उतरली ती तरंगतच. हॉलमध्ये कबुतरं घुमत होती. तबल्यावर दत्ताराम, आणि खुर्चीत मंडळीचे चालक चिंतामणराव. पट्ट्या सोडून तिने घुंगरू बांधले, नमस्कार केला. चिंतामणरावांनी डोळे मिटून घेतले.

"डोळे फसतात," ते म्हणाले, "कान फसत नाहीत. मी पाय ऐकतो. हं, सुरू कर."

दत्तारामने ठेका धरला. मालन नाचू लागली. बराच वेळ गेला.

"अगं, सुरू कर ना."

"केलंय, सर."

"मग ऐकू येईल असं कर."

मालनने गिरकी घेतली. शंभर घुंगरू पायांत निमूट बसून राहिले.

"दत्ताराम, मुलगी आहे ना हॉलमध्ये?"

"हाय तर, मास्तर. नाचती बी झ्याक," दत्ताराम म्हणाला. "पन नुसतीच दिसतीया."

मालनच्या डोळ्यांपुढे शेंगदाण्यांची ओळ आली. तिने दात आवळले, पाय गुडघ्यापर्यंत उचलला आणि तीन वर्षांची सगळी हौस त्या एका टाचेत घालून आपटला. हॉल दणाणला. कबुतरं उडाली. आणि मालन जागच्या जागी गोठून, जमिनीकडे बघत, जीव तोडून म्हणाली, "चुकलं, काका!"

चिंतामणरावांनी खाडकन डोळे उघडले. "काका कोणाला म्हणतेस?"

"तुम्हाला नाही, सर. खालच्यांना."

"खाली मिठाईवाला आहे!"

तिला रडू फुटलं. रडता रडता तिने बांबूपासून धोतराच्या पट्ट्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. चिंतामणराव ऐकत होते. या वेळी डोळे उघडे ठेवून.

"पुन्हा नाच," ते हळूच म्हणाले. "आपटू नकोस. घरी नाचतेस तशी."

ती नाचली. तबला आपोआप मंद झाला. कबुतरं परत येऊन बसली. दत्तारामचं डोकं खाली झुकलं, आणि चिंतामणरावांना वाटलं, आपण लहान आहोत, दुपार आहे, आणि आई अंगावर पांघरूण घालते आहे.

"झोप!" ते खुर्चीतून उठत ओरडले. दत्ताराम दचकून जागा झाला. "आपल्या नाटकात एक नगरी असते, तिला झोप येत नसते. शेवटी निद्रादेवी येते, मागे आठ सख्या. तीन महिने शोधतोय! माझ्या आठ सख्या आल्या ना, की मालगाडी आल्यासारखं वाटतं. तू माझी निद्रा. ठरलं!"

मालनला हॉल गोल फिरल्यासारखा वाटला.

"आणि त्या आठ जणींना तू शिकव. कशी शिकलीस, अगदी तसंच."

"त्याला लाकडी फळ्या लागतात, सर," मालन हर्षभरात बोलून गेली. "आणि खाली झोपलेला माणूस."

बोलून गेल्यावर तिला कळलं, पण तोवर चिंतामणराव पत्ता लिहून घेत होते.

सोमवारी सकाळी दहा वाजता, कुशाबा नुकताच आडवा झाला असताना, आठ सख्या भोईवाड्याचा जिना चढल्या. पहिल्या दिवशी छताची धूळ त्याच्या उशाशी ठेवलेल्या चहात पडली. त्याने बांबू घेतला. ठक्! वर नऊ मुली गोठल्या. "चुकलं, काका!" नऊ गळ्यांतून एकदम.

"आरं, ह्या किती म्हनायच्या?" कुशाबाने बायकोला विचारलं. "काल तर येकच व्हती!"

"निजा गुमान," सुंदराबाई म्हणाली. "कला हाय ती."

"कला वर हाय गं. मी खाली हाय!"

महिनाभर असं चाललं. तो ठोकी आणि मुली शिकत. शिकवणी खरं तर त्याचीच. मालन नुसती वर उभी असे. एकतिसाव्या दिवशी वरून काहीच ऐकू आलं नाही. कुशाबाला झोप लागेना. आता वाजेल, मग वाजेल, म्हणून तो बांबू धरून छताकडे बघत राहिला.

पहिल्या प्रयोगाला मालनने त्याला आणि सुंदराबाईला पुढच्या रांगेत बसवलं. त्याने पाळीवर खाडा केला, टोपी घातली, बांबूऐवजी छत्री घेतली. निळ्या उजेडात निद्रा आली, मागून आठ सख्या. साऱ्या थिएटरात श्वासाचाही आवाज नव्हता. मग एक आवाज झाला. कुशाबा घोरत होता. मालनने ऐकलं, हसली, आणि त्याच्या घोरण्यावर लय पकडली. असं ती आयुष्यात कधी नाचली नव्हती.

पुढचा प्रवेश पहाटेचा. नगरी ताजी होऊन उठते. नऊ जणी, घुंगरू मोकळे, पूर्ण जोशात. पहिलाच छुम् झाला आणि कुशाबाचा हात झोपेतच छत्रीकडे गेला.

ठक्! ठक्!

रंगमंचावर नऊच्या नऊ जणी गोठल्या. मग सगळ्या चवड्यांवर, हळूच, पाण्यातून चालावं तशा आत निघून गेल्या, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की चिंतामणरावांनी विंगेतच ठरवून टाकलं: हे रोज ठेवायचं.

आता हिशेब. मालनला दिल्ली मिळाली. मंडळीला गर्दी मिळाली. कारकुनाला डोंबिवलीची मुलगी मिळाली, आणि म्हणतात की तीही शेंगदाणे बाजूला काढते. नानांनी फक्त शब्द दिला होता, तो पाळला. या सगळ्याची भरपाई एकट्या कुशाबाने केली: एकतीस दिवसांची झोप. तिच्यातली पाऊण घटका त्याला त्या संध्याकाळी परत मिळाली होती. पण टाळ्यांनी ती मोडली, आणि जाग येताच तो गोंधळून, छत्री सावरत, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाला,

"चुकलं, पोरींनो!"