ट्यूबातली उशी

सुट्टी लागली, बँडची खोली बंद झाली आणि सूनबाईंच्या घरात सासऱ्यांचा ट्यूबा शिरला. शिरला म्हणजे आडवा होऊन, दाराची चौकट खरवडत. बँडमधलं सगळ्यात थोराड पितळी वाद्य ते; त्याच्या तोंडात दोन मांजरं आरामात झोपतील. सासरे पाणीखात्यातून निवृत्त झाले होते, पण खात्याच्या बँडमधून नव्हे. यंदा मात्र बँडमास्तरांनी तंबी दिली होती.

"काका, वृद्धाश्रमातल्या कार्यक्रमाला यंदा पहिल्यांदाच तुम्हाला नेतोय. थकली माणसं ती. हळू वाजवाल तर या; नाहीतर पुढच्या वर्षीपासून नुसते ऐकायला या."

बायको गेल्यापासून सासऱ्यांना आधार दोनच, देवाचं नाव आणि हा ट्यूबा. आणि दोन्ही घ्यायचे ते जीव ओतून, ही त्यांची खोड.

सूनबाई शिवणकाम करायच्या. अख्ख्या गल्लीला नवे कपडे नेमके सुट्टीतच हवे असतात, त्यामुळे मान अवघडलेली, पाठीचे तुकडे पडलेले. दुपारी अर्धा तास डोळा लागावा, एवढंच त्यांचं देवाकडे मागणं. पहिल्याच दुपारी पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "भोंऽऽऽ!" फळीवरच्या ताटल्या थरथरल्या.

"मामंजी, अहो भिंत पडेल!"

"हळूच वाजवतोय गं!"

"हे हळू?"

त्या उठल्या, चिंध्या भरलेली आपली उशी उचलली आणि ट्यूबाच्या तोंडात कोंबली. "आता फुंका."

सासऱ्यांनी गाल फुगवले. आतून लांबलचक मऊ हुंकार निघाला, पोटभर जेवून कुणी देवाचं नाव घ्यावं तसा. दोघं एकमेकांकडे बघून हसली.

मग तीन आठवडे तसंच चाललं. इकडे मशीनची टकटक, तिकडे ट्यूबाचं हूं हूं. सूनबाईंचा पाय त्या ठेक्यावर आपोआप चालू लागला; दुपारी डोळाही लागू लागला.

कार्यक्रमाच्या सकाळी सूनबाईंना वाटलं, चारचौघांत उशी बरी दिसत नाही. आता मामंजींची फुंकही मऊ झालीय. त्यांनी हळूच उशी उपसली आणि पितळ घासून लख्ख केलं. वाजवणाऱ्याला ट्यूबाचं तोंड दिसत नाही, ते त्याच्या डोक्यावर असतं. सांगायचं मात्र घाईत राहून गेलं. आणि फुंक मऊ झाली नव्हती. उशीपुढे टिकायला सासरे दुप्पट जोर लावत होते.

आश्रमाच्या दालनात बँड अगदी अदबीनं वाजत होता. समोर माना एकेक करून छातीवर टेकत होत्या. मास्तर खूश. मग सासऱ्यांचे एकट्याचे आठ स्वर आले.

"भोंऽऽऽ!"

तावदानं खणाणली. मास्तरांचे कागद उडाले. पहिल्या रांगेतल्या आजोबांची कवळी मांडीवर आली. सासरे स्वतःच दचकले. पण आठ म्हणजे आठ, अर्ध्यात सोडणं त्यांना ठाऊक नव्हतं. सूनबाईंनी डोळे मिटून देवाला हाक मारली.

आठवा स्वर विरला. मास्तर लालबुंद होऊन वळले, तोच शेवटच्या रांगेतल्या आजी काठी टेकत उभ्या राहिल्या.

"अगं बाई! ऐकू आलं!"

"काय ऐकू आलं, आजी?"

"गाणं! सहा वर्षं येताय, गाल फुगवताय, आम्ही आपल्या टाळ्या वाजवतोय. मला वाटायचं, मूकनाट्यच करता तुम्ही! वाजवा हो पुन्हा!"

"पुन्हा! पुन्हा!" सगळ्या काठ्या जमिनीवर आपटू लागल्या. कवळीवाले आजोबा तर कवळी हातातच धरून ताल देत होते.

निघताना मास्तर चाचरत म्हणाले, "काका, पुढच्या वर्षी निम्मा कार्यक्रम तुमचा. पण रोज दोन तास सराव हवा. असाच, मोकळ्या आवाजात."

सूनबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"पोरी," सासरे ओल्या डोळ्यांनी म्हणाले, "तुझी उशी सुटली गं एकदाची!"

दुसऱ्या दुपारी उशी पुन्हा कामाला लागली. आता ती सूनबाईंच्या दोन्ही कानांवर होती. पलंगाबाहेर आलेला पाय मात्र ठेका धरून होता.